ड्राय लायनर काढताना: जुन्या मॅसीचं इंजिन

ट्रॅक्टरचं इंजिन बांधायला काढलं की सगळ्यांच्या चौकशा नव्या सामानाच्या असतात. पिस्टन कुठल्या कंपनीचे घेतले, रिंगा कुठल्या, बेअरिंगचं मेटल कुठलं. जुने लायनर, म्हणजे ज्यांत पिस्टन वर-खाली होतो त्या नळ्या, ब्लॉकमधून कसे काढले, हे कुणी विचारत नाही. माझं मत असं, की बांधलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालणार की दोन हंगामांत परत धूर मारणार, याचा अर्धा निकाल लायनर काढतानाच लागतो. पिस्टन-रिंगा पैसे टाकले की मिळतात. चाळीस वर्षांपूर्वी ओतलेला बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्लॉक एकदा तडकला, किंवा त्याच्या आतल्या भिंतीवर छिन्नीचा ओरखडा उठला, की तो पहिल्यासारखा होत नाही.

आमचा ट्रॅक्टर मॅसी 1035. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घेतलेला. अमळनेर तालुक्यात आमची बरीचशी काळी जमीन आहे, कपाशी आणि दादर ज्वारीची. तीन सिलिंडरचं पर्किन्स घराण्याचं इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 3.6 इंच (91.44 मिलिमीटर), आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 5 इंच (127 मिलिमीटर). तीन सिलिंडर मिळून 152 घन इंच भरतात, म्हणून या इंजिनाच्या नावात 152 हा आकडा येतो. अडीच लिटरचं इंजिन. वेग कमी, स्ट्रोक लांब, ओढायला दमदार.

मागच्या थंडीत ते सकाळी चालू व्हायला त्रास देऊ लागलं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून भसाभसा धूर, ऑइलची काडी दर आठवड्याला खाली, रोटाव्हेटर लावला की दम संपायचा. पंप आणि नोझल आधीच तपासून आणले होते, त्यामुळे दुखणं खालीच आहे हे कळून चुकलं. काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धरायचं ठरवलं. आमच्याकडे आखाजीला सालदाराचं जुनं साल संपतं, नवं ठरतं, आणि रान मोकळं असतं. कपाशीच्या लागवडीआधी ट्रॅक्टर उभा राहिला तर चालतो, नंतर नाही.

मदतीला नाना मिस्त्री होते. जुन्या ट्रॅक्टरांवर ज्यांनी आयुष्य काढलं, अशा माणसांपैकी ते एक. मी स्वतः आयटीआयचा फिटर, त्यामुळे मोजमापाची हत्यारं मला वापरता येतात. नानांच्या हातात मात्र जे आहे ते आयटीआयत शिकवत नाहीत.

इंजिन उतरवणं, हेड काढणं, खालचं ऑइलचं चेंबर खोलणं यावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक गोष्ट तेवढी सांगतो. पिस्टन वर ओढण्याआधी बोअरच्या वरच्या टोकाला जी धार तयार झालेली असते ती काढून टाकावी. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत लायनर झिजतो, त्याच्या वरचा भाग कोरा राहतो, आणि मध्ये एक खांदा उभा राहतो. पिस्टन जोर करून वर काढला तर रिंग त्या खांद्याला अडते आणि पिस्टनच्या खाचेचा तुकडा उडतो. लायनर टाकायचाच असला तरी जुना पिस्टन धड निघालेला बरा, कारण त्याच्यावरच्या खुणा पाहून इंजिनाला काय झालं होतं ते वाचता येतं. आमच्या पिस्टनांवर एका बाजूनं उभे ओरखडे होते. धुळीचं काम. ऑइल-बाथ एअर क्लीनर वेळेवर धुतला नाही, त्यातलं ऑइल चिखल होईपर्यंत तसंच ठेवलं, की मळणीच्या हंगामात सगळी धूळ थेट लायनरवर जाते.

बोअर डायल, म्हणजे आतला व्यास मोजायचं घड्याळ, घालून पाहिलं तर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात झीज पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि गोलाई गेलेली. नुसत्या रिंगा टाकून भागणार नव्हतं. लायनर बदलणं आलंच.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. आमच्या शेजारच्या काकांकडे एचएमटी आहे, झेटरच्या धर्तीवरचा. त्याचा लायनर ओला, म्हणजे त्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, खाली रबरी रिंगा असतात आणि वर कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड. तो काढताना अडवतात ते क्षार आणि फुगलेलं रबर. आमच्या भागातलं बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की क्षारांचा थर दगडासारखा होतो. तरी एकदा तो सुटला की खालून लाकडाचा ठोकळा लावून दोन-चार ठोके दिले की लायनर वर येतो. मॅसीचा लायनर कोरडा. त्याला पाणी कुठंच लागत नाही. ती बीडाची पातळ नळी ब्लॉकच्या बोअरमध्ये दाबून बसवलेली असते, तिचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठा ठेवून. तेवढ्याच ताणावर ती आयुष्यभर धरून राहते. पिस्टनची उष्णता आधी या नळीतून ब्लॉकच्या भिंतीत जाते आणि मग पाण्यात. म्हणून दोघांमधला स्पर्श पूर्ण पाहिजे. एखाद्या ठिकाणी खाच असली, गंज असला, जागा ढिली असली, तर तिथं उष्णता अडते आणि पिस्टन तेवढ्याच पट्ट्यात तापतो. ओल्या लायनरची हातोडीची सवय कोरड्याला लावली तर हे सगळं बिघडतं.

नानांनी पहिला लायनर हातानं चाचपला, कॉलर पाहिली आणि म्हणाले, "हाऊ कंपनीना लायनर शे भाऊ, सोपा नही." म्हणजे कारखान्यात बसवलेला, पहिलाच. नंतरच्या दुरुस्तीत टाकलेले काही लायनर हलक्या बसणीचे असतात, ते सहज निघतात. हे तसे नव्हते.

काढण्याआधी मी कॉलरची उंची मोजून ठेवली. ब्लॉकच्या तोंडावर सरळ पट्टी धरायची आणि फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी, प्रत्येक लायनर चार ठिकाणी पाहायचा. नवा बसवल्यावर मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायचं असतंच, पण जुन्याचा आकडा हाताशी असला की खाली बैठकीत काही गडबड झाली आहे का ते आधीच कळतं. आकडे ब्लॉकवरच खडूनं लिहिले आणि फोटो काढून ठेवला.

पुलर, म्हणजे लायनर ओढून काढायचं हत्यार, आम्ही लेथवाल्याकडून करून घेतला. त्यातली खरी वस्तू म्हणजे खालची पायरीची प्लेट. तिची वरची पायरी लायनरच्या आत सैल बसेल अशी, आणि खालची पायरी लायनरच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जराशी कमी. म्हणजे प्लेट लायनरच्या खालच्या काठाला पूर्ण गोलात धरते, आणि लायनर वर सरकला की त्याच्यामागून ब्लॉकच्या भोकातून तीही वर येते, भिंतीला न घासता. बाहेरची पायरी अर्धा मिलिमीटर जरी जास्त झाली तरी ती ब्लॉकला अडकणार, आणि आपण पाना ओढत राहणार ते ब्लॉकलाच फोडण्यासाठी. म्हणून लेथवाल्याच्या मोजमापावर न थांबता मी व्हर्नियर लावून परत पाहिलं. प्लेटमधून जाड आट्यांचा रॉड, वर चॅनेलचा पूल, पुलाचे पाय लायनरच्या लांबीपेक्षा उंच, आणि नटाखाली एक जुनी थ्रस्ट बेरिंग. ही बेरिंग फार कामाची. ती नसली तर निम्मा जोर नटाच्या घर्षणात जातो आणि किती ताण पडतो आहे याचा अंदाज हाताला येत नाही. पाय ब्लॉकच्या तोंडावर टेकले पाहिजेत, शेजारच्या लायनरच्या कॉलरवर नाही. तोंड खराब होऊ नये म्हणून पायांखाली तांब्याच्या पट्ट्या घातल्या.

आदल्या दिवशी कॉलरच्या कडेनं आणि खालच्या काठाला गंज सोडवणारं तेल लावून ठेवलं होतं. दाबून बसलेल्या नळीत तेल फार खोल शिरत नाही, पण काठांवरचा गंज मोकळा होतो.

पहिल्या लायनरला नट आवळत गेलो. रॉड ताणला गेला, चॅनेल किंचित वाकला, आणि मग टण्ण असा आवाज झाला. मी दचकून ब्लॉककडे पाहिलं. नाना हसत होते. लायनर केसभर उचलला होता. पहिली पकड सुटते तेव्हा असा आवाज होतोच. पुढं तो एकसारख्या जोरावर वर येत गेला आणि शेवटचा भाग तर हातानं निघाला. मधल्यानं जास्त ताकद घेतली, पण तोही सरळ आला.

तिसरा, फ्लायव्हीलकडचा, हलेना. नट इतका जड झाला की पान्याला पाइप लावावा लागला, तरी आवाज नाही, हालचाल नाही. चॅनेलचा बाक डोळ्यांना दिसू लागला तेव्हा नानांनी माझा हात धरला. "बस. आते ठोकू नको, ओढू नको. ब्लॉक फुटी जाई." त्यांनी नट सैल करायला लावला आणि आम्ही चहा घ्यायला उठलो.

मागचा सिलिंडरच का अडला, याचं कारण पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, सापडलं. पाण्याचा पंप पुढं असतो. मागच्या कोपऱ्यात प्रवाह मंद, तिथं गाळ साठतो. आमच्या ब्लॉकच्या मागच्या बाजूला बोटभर चिखल घट्ट झालेला होता. पाणी फिरत नाही म्हणजे तो सिलिंडर कायम जास्त तापणार, आणि तापून-निवून तिथली पकड आणखी आवळत जाणार.

आता रस्ते तीन होते. कुणी म्हणालं, छिन्नीनं लायनर उभा चिरा, दुमडा, निघेल. हे गावोगाव करतात. लायनर निघतोही. पण छिन्नी पातळ नळीतून पार होते तेव्हा तिची धार ब्लॉकच्या भिंतीत उतरते, आणि तिथं जी खाच पडते ती नव्या लायनरच्या मागे कायमची राहते. दुसरा रस्ता बोअरिंग मशीनवर लायनर आतून कापत कागदाएवढा पातळ करायचा. हा चांगला मार्ग आहे. मशीन नीट मध्यावर लावणारा माणूस असेल तर सगळ्यात सुरक्षित हाच. तिसरा वेल्डिंगचा, आणि नानांना तो हाताशी होता.

वेल्डिंगनं लायनर निघतो कसा, हे पाहिल्याशिवाय पटत नाही, पण कारण सरळ आहे. लायनरच्या आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत वेल्डची एक रेघ ओढली की ती पट्टी लाल होते. तापलेल्या जागी धातू फुगू पाहतो, पण चहूबाजूंनी ब्लॉकनं आवळलेला असल्यामुळे बाहेर जायला जागा नसते, म्हणून तो आतल्या आत दबतो. नंतर वेल्ड थंड होताना आकसते आणि नळीचा घेर ओढून लहान करते. काही शतांशाची तर पकड होती. घेर तेवढा कमी झाला की पकड उरतच नाही.

आधी ब्लॉक रॉकेलनं धुतलेला होता, म्हणून तो पुसून, हवा मारून, उन्हात पूर्ण वाळवला. रॉकेलच्या वाफेजवळ ठिणगी नको. शेजारचे दोन्ही बोअर, टॅपेटची भोकं आणि ऑइलच्या वाटा ओल्या गोणपाटानं झाकल्या. अर्थिंगचा चिमटा थेट त्याच लायनरच्या कॉलरला लावला. कॅमशाफ्ट आणि त्याचे बुश ब्लॉकमध्येच होते, करंट त्यांच्यातून फिरला तर बुशवर डाग पडतात. वेल्डिंगचा रॉड अडीच मिलिमीटरचा, करंट कमी. रेघ लायनरमध्येच राहिली पाहिजे. करंट जास्त ठेवला तर ती पार जाऊन लायनर ब्लॉकला चिकटवून टाकते. एक रेघ, मग तिच्या समोरच्या बाजूला दुसरी, मग त्यांच्या मधे तिसरी. नानांचा हात या वयात अजून स्थिर आहे.

मग काहीही करायचं नाही. पाणी मारायचं नाही, ओला फडका लावायचा नाही. गरम बीडावर पाणी पडलं तर तडा नक्की. ब्लॉक सावलीत तसाच ठेवला. बीडाची वेल्ड थंड होताना कडकड आवाज करते, त्यात बारीक भेगाही पडतात, पण हा लायनर भंगारातच जायचा असल्यामुळे त्याची काळजी नव्हती. उन्हं उतरल्यावर हात लावण्याजोगा झाला. पुलर लावला, नट पहिल्या आवळण्यातच फिरू लागला, आणि पानाही न लावता लायनर वर येऊ लागला. "निंघना रे भाऊ!" नाना असे ओरडले की ओट्यावर बसलेले आप्पा उठून आले.

लायनर निघाले म्हणजे काम संपलं असं नाही, आणि माझा खरा आग्रह इथून पुढचा आहे. तिसऱ्या बोअरच्या भिंतीवर गंजाचा तपकिरी पट्टा होता. बारीक एमरीला तेल लावून तो साफ केला, नुसता डाग जाईपर्यंत, धातू खाईपर्यंत नाही. मग तडे पाहिले. यासाठी महागड्या सामानाची गरज नाही. दोन बोअरच्या मधल्या भिंतीला रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आतलं रॉकेल पूड ओली करून रेघ दाखवतं. आमची पूड कोरडी राहिली. जॅकेटमधला गाळ तारेनं खरवडून पाण्याच्या जोरानं काढला.

ब्लॉक धुळ्याला बोअरिंगच्या दुकानात नेला. तिथल्या माणसानं नवे लायनर प्रेसवर घ्यायला सुरुवातही केली होती, ब्लॉकचे बोअर न मोजता. मी म्हणालो, आधी मोजू. त्याला ते आवडलं नाही. माझ्या मते हाच टप्पा सगळीकडे गाळला जातो आणि मग लोक लायनरच्या कंपनीला नावं ठेवतात. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. पहिले दोन गोल भरले. तिसरा वरच्या भागात तीन शतांश लंबगोल. तीन शतांश ऐकायला काहीच वाटत नाही, पण जिथं सगळी पकडच काही शतांशाची आहे तिथं त्या दिशेला लायनर जवळपास सुटाच राहणार. उपाय एकच होता: बाहेरून जाड असलेला लायनर घ्यायचा आणि तो बोअर त्याच्या मापाला गोल कापून घ्यायचा. असे लायनर बाजारात मिळतात, मागावे लागतात. खर्च वाढला. आप्पांनी एक शब्द न बोलता पैसे काढून दिले.

बसवताना मे महिन्याच्या उन्हाचा फायदा घेतला. बीड तापलं की दर अंशाला साधारण एक लाखांश फुगतं. लायनरचा बाहेरचा व्यास 95 मिलिमीटरच्या आसपास धरला आणि लायनर बर्फात, ब्लॉक 42-43 अंशांच्या हवेत, असा फरक ठेवला तर तेवढ्यानंच सुमारे 4 शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते. प्रेसला तेवढा जोर कमी लागतो आणि लायनर वाकडा शिरण्याची भीती कमी होते. बर्फातून काढल्यावर मात्र तो पटकन आणि पूर्ण कोरडा पुसावा, नाहीतर दोन भिंतींमध्ये ओल कोंडून परत गंज. कॉलरची बैठक प्रत्येक वेळी बोट फिरवून आणि बॅटरीच्या उजेडात पाहून घेतली. खाली कचऱ्याचा एक कण राहिला तर हेड आवळताना कॉलर त्या कणावर तरंगते आणि पुढं कधीतरी तिथूनच तुटते. तुटलेली कॉलर पिस्टनवर पडलेली मी दुसऱ्याच्या इंजिनात पाहिली आहे. त्या इंजिनाचा पिस्टन, हेड आणि कनेक्टिंग रॉड तिन्ही गेले.

लायनर अर्धवट तयार घेतले होते, म्हणून ब्लॉकमध्ये बसल्यावर ते मापाला कापून होनिंग, म्हणजे आतली भिंत दगडानं घासणं, केलं. आधीच पूर्ण तयार लायनर दाबून बसवला तर दाबानं आतलं माप किंचित बदलतं. नंतर कापलेला लायनर बसलेल्या जागीच गोल होतो. होनिंगच्या एकमेकांना छेदणाऱ्या रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, त्यांच्यातच ऑइल थांबतं. मग साबणाच्या गरम पाण्यानं बोअर घासून धुतले, पांढरा फडका काळा होणं बंद होईपर्यंत. रॉकेलनं होनिंगची भुकटी निघत नाही, ती रेषांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच तासांत खाते. धुतल्यावर लगेच ऑइलचा हात फिरवला, कारण कोऱ्या बीडावर गंज बघता बघता चढतो.

पुढची जोडणी नेहमीची. कॉलरची उंची परत मोजली, ब्लॉकवर खडूनं लिहिलेल्या आकड्यांशी आणि मॅन्युअलशी ताडली. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतलं नाही, कूलंट मिसळलेलं गोडं पाणी भरलं.

डिझेलची हवा काढली आणि इंजिन लावलं. थोडा वेळ निळसर धूर आला, मग निवळला. नवं इंजिन तासन्‌तास रिकामं गुरगुरत ठेवू नये; हलक्या फेऱ्यांत रिंगा लायनरवर नीट बसत नाहीत आणि भिंत आरशासारखी चिकणी होते. गरम झाल्यावर रिकामी ट्रॉली जोडून शिवाराच्या रस्त्यावर फिरवला, नंतर थोडा थोडा भार वाढवला. थंड झाल्यावर हेडचे नट टॉर्क पान्यानं परत आवळले आणि टॅपेट पुन्हा लावले. पहिलं ऑइल लवकर बदललं. काढलेल्या ऑइलमधून चुंबक फिरवला, त्यावर बारीक करडी भुकटी आली, तुकडा एकही नाही. दुसऱ्या ऑइलच्या वेळी तीही जवळपास नव्हती. रोटाव्हेटर लावून पहिलं शेत केलं तेव्हा ब्रीदरच्या नळीला तळहात लावून पाहिला. हलकी हवा लागत होती, धूर नव्हता.